माडांचं कर्ज

लक्षद्वीपची दक्षिणेकडची पाच बेटं, म्हणजे अगत्ती, कवरत्ती, अन्द्रोत, कल्पेनी आणि मिनिकॉय, इंग्रजांनी लढून घेतली नाहीत. १८४७ च्या एप्रिलमध्ये तिथे चक्रीवादळ आलं. वादळात सापडलेल्यांसाठी पैसा हवा होता, तो कंपनी सरकारने कर्जाऊ दिला आणि सात वर्षांनी त्याच्या वसुलीसाठी बेटं ताब्यात घेतली. मिलिटरी हिस्टरीच्या पुस्तकांत बेटं येतात ती आरमारी तळ, कोळशाचा साठा किंवा दीपस्तंभ म्हणून. मदतीच्या हिशेबवहीतून बेटं हाती आल्याचं हे प्रकरण खडकवासल्याला आणि त्यानंतरच्या कुठल्याही कोर्समध्ये मला भेटलं नाही. म्हणून ते इथे लिहितो.

बेंगळुरूत बसून लक्षद्वीपवर लिहायला कारणं आहेत. पहिलं कारण टिपू सुलतान. शहरातला त्याचा उन्हाळी महाल पाहायला आलेले पाहुणे श्रीरंगपट्टणपर्यंतचा इतिहास विचारतात, पण अरबी समुद्रातली काही बेटंही त्याच्या राज्यात होती हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कण्णूरच्या अरक्कल घराण्याची लक्षद्वीपवर सत्ता होती. हे केरळातलं मुसलमान राजघराणं. त्यात वयाने सर्वांत मोठी व्यक्ती गादीवर बसे, मग तो पुरुष असो की बाई. पुरुष असला तर अली राजा, बाई असली तर बीबी. या घराण्याने काथ्याचा मक्ता स्वतःकडे ठेवला होता. बेटावरच्या माणसाने काथ्या घराण्यालाच विकायचा, घराण्याने ठरवलेल्या भावाने, आणि मोबदल्यात तांदूळ घ्यायचा. बेटावर भात पिकत नाही, त्यामुळे भाव पटला नाही तरी जाणार कुठे? १७८३ मध्ये अमिनी बेटावरची काही मंडळी थेट मंगळूरला टिपूकडे गेली आणि आमचा कारभार तुम्ही घ्या म्हणाली. टिपूचे अरक्कलच्या बीबीशी संबंध चांगले होते. बोलणी झाली आणि अमिनी, कडमत, किल्तान, चेतलत, बित्रा ही उत्तरेकडची बेटं म्हैसूरकडे आली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा टिपूच्या मुलखाबरोबर तीही कंपनीकडे गेली. दक्षिणेकडची पाच मात्र अरक्कलकडे राहिली.

राहिली म्हणजे कशी राहिली, तेही पाहायला हवं. १७९० च्या अखेरीस कंपनीने कण्णूर जिंकलं. १७९६ च्या करारात बीबीने वर्षाला १५,००० रुपये भरायचे ठरले. त्यात कण्णूरजवळच्या जमिनी आल्या, बेटांशी होणारा व्यापार आला आणि बेटांवरची मालमत्ताही आली. पुढे अमिनीची बेटं गेल्याची भरपाई म्हणून त्यातून ५,२५० रुपये सूट मिळाली. उरले ९,७५०. ही रक्कम दर वर्षी, वारा असो की पाऊस, भरायची होती. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण वादळ आलं तेव्हा घराण्याची वही आधीच कोरी नव्हती.

१८४७ च्या वादळाने अन्द्रोत, कल्पेनी आणि किल्तान या बेटांना धरलं. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीची ही बेटं. मागे डोंगर नाही, पळून चढायला टेकडी नाही. कोकणातला माणूस वादळात निदान वरच्या वाडीत जाऊ शकतो. कल्पेनीवर लाट एका बाजूने चढली आणि दुसऱ्या बाजूने उतरली. अडीचशेच्या आसपास माणसं त्या एका रात्रीत गेली. पुढच्या महिन्यांत उपासमारीने आणि खाऊ नये ते खाल्ल्याने आणखी शंभरावर गेली. शेकड्यांनी लोक होड्या करून मलबारच्या किनाऱ्याला लागले. लाखभर माडांपैकी हजारही उभे राहिले नाहीत. कल्पेनीच्या पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर त्या लाटेने फेकलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचा एक लांबलचक बांध आजही आहे.

बेटावर माड पडला की काय पडतं, हे कोकणातल्या वाचकाला फोड करून सांगायला नको. खाणं, तेल, झावळ्यांचं छप्पर, होडीचं लाकूड, फळ्या शिवायची दोरी सगळं त्यातच. सोडणं प्रवाळाच्या कठड्याआतल्या उथळ पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घालायची, मग बायकांनी ती बडवून काथ्या काढायचा, वळायचा, आणि तो काथ्या म्हणजे रोकड. बेटावर चलन असं हेच. आणि काथ्याचा मक्ता घराण्याकडे असल्यामुळे घराण्याची मिळकतही यावरच. म्हणजे लोकांचं उत्पन्न आणि राजाचं उत्पन्न एकाच रात्री, एकाच झाडाबरोबर आडवं झालं. शिवाय एरवी तांदूळ काथ्याच्या बदल्यात जायचा, तो आता फुकट द्यायची पाळी आली.

राजाने स्वतः बेटावर जायचं ठरवलं. (लक्षद्वीपच्या सरकारी इतिहासात हा राजा चिरक्कलचा असल्याचं लिहिलेलं सापडतं. मला ते पटत नाही. चिरक्कल हे शेजारचं हिंदू संस्थान. बेटं अरक्कलची होती आणि त्या वर्षांत गादीवर बीबी होती, तेव्हा गेला तो घराण्यातला कर्ता पुरुष असणार.) त्याच्याबरोबर मलबारचा एक तरुण सनदी अधिकारी गेला, विल्यम रॉबिन्सन. तो आपण होऊन गेला, आणि त्याच्यावर मी हेतूचा आरोप करणार नाही. त्याने १८४८ मध्ये या बेटांवर लिहिलेला अहवाल नंतरच्या प्रत्येक लेखकाने वापरला आहे. माणसं मोजणं, झाडं मोजणं, घराण्याच्या कारभारातला जाच नोंदवणं हे त्याने नीट केलं. आपल्याकडे डॅमेज असेसमेंट म्हणतात, तेच.

अन्द्रोतला पोचल्यावर राजाच्या ध्यानात आलं की लोकांच्या मागण्या आपल्या ऐपतीबाहेरच्या आहेत. रॉबिन्सनने तोड काढली. कंपनी पैसे देईल, कर्ज म्हणून. राजाने होकार दिला. समोर उपाशी माणसं उभी असताना दुसरं काय करणार? साधारण चार वर्षं हे चाललं. व्याज चढत गेलं, मग फेड मागण्यात आली, ती जमली नाही, आणि १८५४ मध्ये उरलेली सगळी बेटं कारभारासाठी कंपनीकडे गेली. वादळाने ज्यांना हात लावला नव्हता तीही गेली.

आता जरा हिशेब करू. उंच जातीचा माड लावल्यापासून फळ धरायला साधारण सहा ते आठ वर्षं घेतो, भरात यायला आणखी काही. वादळ १८४७ च्या पावसाळ्याच्या तोंडावर झालं. बियाण्याचे नारळ सुद्धा दुसऱ्या बेटावरून किंवा किनाऱ्यावरून आणावे लागले असतील. १८४८ च्या पावसात रोप लागलं असं धरलं, तर पहिले नारळ १८५४ ते ५६ च्या सुमाराला. म्हणजे कर्ज फेडण्याचं साधन जन्माला यायच्या आधीच कर्जाची मुदत संपली होती. यात कुणी डाव रचला होता असं मानायची गरज नाही. कलेक्टर कचेरीचं वर्ष बारा महिन्यांचं असतं आणि माडाचं वर्ष सात वर्षांचं. दोन्ही पंचांगं एकाच करारात घातली की कुठलं आधी संपणार हे ठरलेलंच आहे.

पुढची गोष्ट तर बोलकी आहे. कंपनीने, आणि १८५८ नंतर राणीच्या सरकारने, बेटांच्या उत्पन्नातून वसुली केली आणि १८६१ मध्ये बेटं अरक्कलला परत दिली. म्हणजे नवे माड धरू लागल्यावर पैसे फिटले. घराण्याला तीच सात वर्षं सवलतीने मिळाली असती तर जप्तीची वेळ आली नसती, असा माझा तर्क आहे. पण एकदा बसलेली घडी मोडत नाही. खंडणी पुन्हा थकली आणि १८७५ मध्ये बेटं दुसऱ्यांदा जप्त झाली. योगायोग असा की त्याच वर्षी काही महिने मद्रासचा हंगामी गव्हर्नर होता विल्यम रॉबिन्सन. जो अधिकारी पंचविशीत अन्द्रोतला कर्ज देऊन आला, तो एव्हाना इलाख्याच्या सर्वोच्च खुर्चीत पोचला होता. दुसरी जप्ती काही उठली नाही. १८९१ मध्ये बेटांवर आणखी एक मोठं वादळ आलं. १९०८ च्या करारात अरक्कलने बेटांवरचे सगळे हक्क सोडले, मागची थकबाकी माफ झाली, आणि घराण्याला वर्षाला २३,००० रुपये मालिखाना बांधून दिला गेला. म्हणजे शेवटी थकबाकी माफ करता येत होती तर! ती साठ वर्षं आधी माफ झाली नाही, एवढंच.

अरक्कलचं राज्य फार प्रेमळ होतं असं मात्र कुणी समजू नये. अमिनीची माणसं उगीच मंगळूरला गेली नव्हती. रॉबिन्सनच्या अहवालात बेटवाल्यांच्या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या वाटतात. धनी बदलल्याने कल्पेनीच्या काथ्या वळणाऱ्या बाईला किती फरक पडला हा वेगळाच प्रश्न. कर्ज तिने घेतलं नव्हतं, तांदूळ तिने खाल्ला होता, आणि फेड तिच्या काथ्यातून झाली.

मदतीचा पैसा आणि झाडाचं पंचांग हा पेच आपल्या कोकणाने अलीकडेच पाहिला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, आणि खाली दापोली, मंडणगडपर्यंत माड आणि पोफळी आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्यांच्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या होती त्यांच्या वाडीत उजेड पडला. वाडीत ऊन पडणं हे तिथे अशुभ. शासनाची मदत आधी हेक्टरवर होती. कोकणातली वाडी गुंठ्यांत असते आणि त्या पाच-दहा गुंठ्यांत आंबा, माड, पोफळ, जायफळ, मिरी एकावर एक उभी असतात. हेक्टरच्या दराने हातात येणारी रक्कम ऐकून लोक हसले असतील किंवा रडले असतील. ओरड झाली, आणि मग झाडागणिक मदत ठरली, माडाला २५० रुपये आणि पोफळीला ५०. पद्धत योग्य होती. रक्कम एका माडाच्या एका वर्षाच्या नारळांइतकीही नव्हती, आणि वर्षं तर सहा-सात काढायची होती.

पण त्याच वेळी दुसरा एक पैसा कोकणात गेला, ज्याची नोंद सरकारी कागदात नाही. वाडी-वाडीची मुंबईतली मंडळं. लॉकडाऊन चालू, निम्म्या लोकांचे पगार बंद, तरी वर्गणी निघाली. गिरगाव, लालबाग, विरार, डोंबिवलीहून पत्रे, ताडपत्र्या, मेणबत्त्या, सौरदिवे टेम्पोत घालून गावी गेले. वर्गणी हा प्रकार आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे की त्याचं वेगळेपण दिसत नाही. वर्गणी देणाऱ्याला पावती मिळते आणि विषय संपतो. घेणाऱ्याचं नाव कुठल्या वहीत चढत नाही. १८४७ मध्ये कल्पेनीच्या लोकांची अशी मंडळी किनाऱ्यावर नव्हती. होती ती मक्तेदार आणि सावकार, दोन्ही एकाच बोटीतून आलेले.

बेंगळुरूत बसून लिहायचं दुसरं कारण इंदिरानगरातून निघून हलसूरकडे गेलं की लागतं. तिथे मद्रास इंजिनिअर ग्रुप, म्हणजे मद्रास सॅपर्सचं सेंटर आहे. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमलावर डोंगर उतरला. अडीचशेहून अधिक माणसं गेली. मधला पूल वाहून गेल्यामुळे पलीकडे यंत्रं नेता येईनात. मद्रास सॅपर्सनी तिथे १९० फुटांचा बेली पूल उभा केला. त्याचं साहित्य दिल्लीहून विमानाने आलं आणि उतरलं कुठे, तर कण्णूरला, अरक्कलच्या गावी. तिथून ट्रकने घाटात. पुलावर उभ्या असलेल्या मेजर सीता शेळके यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. आपल्या नगर जिल्ह्याच्या. १ ऑगस्टच्या संध्याकाळी पूल वापरात आला.

आमच्या लोकांचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं. पण एक गोष्ट सैन्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. आपलं काम सर्वांत अवघड दिसतं आणि सर्वांत लवकर संपतं. पूल झाला, ढिगारे उपसले, कॉलम परत आली. त्यानंतर घरं, शाळा, रस्ते, मळ्यातली मजुरी, बँकेचे हप्ते हे सगळं सुरू होतं आणि त्याला वर्षं लागतात. केरळ सरकारने कल्पेट्ट्याजवळच्या एल्स्टन इस्टेटमध्ये नवं गाव वसवायला घेतलं. घरामागे २० लाख रुपये देणगी ठरली, कर्नाटक सरकारने १०० घरांचं आश्वासन दिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राकडून ५२९.५० कोटी रुपये मंजूर झाले, सोळा कामांसाठी, पन्नास वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज म्हणून. अट अशी की पैसे ३१ मार्च २०२५ पर्यंत वापरायचे. केरळने जाहीर नाराजी दाखवली. अनुदान हवं की कर्ज, या वादात कोण बरोबर हे वर्दीतल्या माणसाने सांगायचं नसतं आणि मी सांगणार नाही. १८४७ शी ताडून पाहिलं तर व्याज नाही आणि फेडीला अर्धं शतक आहे, हा मोठा फरक आहे. हे मान्य करायला हवं. वायनाड आणि कण्णूर दोन्ही त्या वेळी मलबार जिल्ह्यात होते, रॉबिन्सनच्याच जिल्ह्यात. पंचांगाचा पेच मात्र ओळखीचा वाटला. फेडायला पन्नास वर्षं, खर्चायला दीड महिना.

लक्षद्वीपकडे परत येतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ कल्पेनी-मिनिकॉयवरून गेलं. मे २०२१ मध्ये तौक्ते आधी याच बेटांना चाटून मग कोकणाला, मुंबईला आणि गुजरातला भिडलं. आपल्या टीव्हीवर ते दोन दिवसांनी आलं. दोन्ही वेळा माड पडले आणि होड्या फुटल्या. १८४७ च्या मानाने माणसं फारच थोडी गेली, कारण वादळ येतंय हे आधी कळलं आणि नौदल, तटरक्षक दल हाताशी होतं. १९५६ पासून बेटं केंद्रशासित आहेत. तिथली मदत थेट दिल्लीच्या तिजोरीतून जाते, तिथल्या कुणा राजाला सही करावी लागत नाही. एवढ्या अर्थाने अन्द्रोतचा तो करार मागे पडला आहे.

आम्ही राहतो त्या इंदिरानगरातल्या इमारतीत वायनाडच्या वेळी वर्गणी काढली होती. बहुतेक बिऱ्हाडं निवृत्त फौजींची किंवा आयटीवाल्यांची. समितीवरचे एक मल्याळी अंकल, हवाई दलातून निवृत्त, रात्री वर आले आणि म्हणाले, कर्नल साब, कपडे जमा करू की पैसे? मी पैसे म्हटलं. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या रस्त्यांवर जुन्या कपड्यांचे ढीग साचले होते, कुणी न घेतलेले, तमिळनाडूच्या उकाड्यात लोकरी स्वेटरसुद्धा. ते ढीग हलवायला वेगळी माणसं लावावी लागली. मग अंकलना कल्पेनीची गोष्ट सांगितली. ते मूळचे कण्णूरचे, अरक्कलचा वाडा त्यांनी लहानपणापासून पाहिलेला, पण कर्जाचं हे प्रकरण त्यांनाही नवं होतं. बराच वेळ गप्प बसले. मग वहीत लिहिलं, निम्मे पैसे आत्ता पाठवायचे, निम्मे पुढच्या जूनमध्ये, शाळा सुरू होताना. समितीत दोघांनी हरकत घेतली, जूनपर्यंत कुणाच्या लक्षात राहणार म्हणून. अंकलनी बँकेत मुदत ठेव केली आणि पावती नोटीस बोर्डावर चिकटवली. २०२५ च्या जूनमध्ये ती मोडून उरलेले पैसे गेले.